खुन्नस काढा, पावती घ्या

चांगल्या कामाला पैसे काढायचे असतील तर माणसाला दया आणून काही उपयोग नाही, त्याला समोरच्या कॉलेजवाले काय बोलले ते जाऊन सांगायचं, बस. दयेच्या मेसेजला हात जोडल्याचे इमोजी येतात आणि खुन्नसच्या मेसेजला रात्री साडेबाराला पैसे येतात. हे मी बायकांच्या ग्रुपवर बघितलंय, तेही चाळिशीच्या आसपासच्या, ज्यांच्याबद्दल सगळ्यांना वाटतं की ह्या आता संसाराला लागल्या, कॉलेजचं काय लक्षात असणार. विसरतंय कोण.

ह्याचं मूळ मात्र अमेरिकेतल्या ओहायोत आहे. ताईचा मुलगा एमएस करायला कोलंबसला गेला, ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत. नाशिकला होता तेव्हा गोल्फ क्लब ग्राउंडवर रणजीची मॅच असली तरी हा घरात लॅपटॉप घेऊन बसलेला, खेळाचा आणि ह्याचा संबंध शाळेतल्या पीटीच्या तासापुरता. आणि नोव्हेंबरात व्हिडिओ कॉलवर बघते तर ह्याच्या खोलीच्या दारावर नावाची पट्टी आणि आडनावाच्या पहिल्या अक्षरावर लाल चिकटपट्टीची मोठी फुली. म्हणलं अरे हे काय, तर म्हणे मावशी, ह्या आठवड्यात इथे 'एम' अक्षर चालत नाही, शनिवारी मिशिगनची मॅच आहे. स्वतःच्या बापाच्या आडनावावर फुली मारून बसला होता कार्टा. ताईने हे तिच्या सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही.

बरं, तो एकटा वेडा नाही, तिकडे खरंच असं करतात, युनिव्हर्सिटीतल्या पाट्यांवरच्या सगळ्या 'एम'वर त्या आठवड्यात लाल फुल्या पडतात. ओहायो स्टेट आणि मिशिगनची पहिली मॅच १८९७ सालची, म्हणजे इकडे पुण्यात रँडचा खून झाला त्या वर्षीची, आणि तेव्हापासून जे भांडण चालू आहे ते चालूच आहे. खेळ त्यांचा फुटबॉल, म्हणजे हेल्मेटवाला, जो बहुतेक वेळ हाताने खेळतात आणि मला अजून नीट कळत नाही. पण दोघांचीही स्टेडियम एक लाखाच्या वरची आहेत, सिन्नर अख्खं नेऊन बसवलं तरी जागा उरेल, आणि ही कॉलेजची पोरं हां, देशाची टीम नाही. ओहायोचे वुडी हेज नावाचे जुने कोच होते, त्यांच्याबद्दल सांगतात की गाडीतलं पेट्रोल संपत आलं तरी मिशिगनच्या हद्दीत भरायला तयार नव्हते, म्हणे ढकलत नेईन पण ह्यांना एक पैसा देणार नाही. खरं किती आणि पुढच्या लोकांनी रंगवलेलं किती देव जाणे, पण असल्या गोष्टी कुणाबद्दलही बनत नाहीत.

तर ह्याच दोन युनिव्हर्सिट्यांमध्ये १९८२ पासून दर वर्षी मॅचच्या आधी रक्तदानाची लढत असते. ब्लड बॅटल म्हणतात त्याला. कुणाकडून जास्त रक्त जमा होतं ते मोजायचं आणि हरलेल्यांना वर्षभर ऐकवायचं. आमचं हे ध्यान, लहानपणी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला दोघांनी धरावं लागायचं, ते जाऊन रक्त देऊन आलं. मी विचारलं, समाजसेवा का रे? म्हणे नाही मावशी, मिशिगनवाले पुढे चालले होते.

हे ऐकून मी त्याला हसले, पण ते वाक्य डोक्यात बसलं.

पुढे त्यानेच पैशाचा प्रकार सांगितला, तो तर मला रक्तापेक्षा भारी वाटला. अटलांटात न्यू अमेरिकन पाथवेज नावाची संस्था आहे, युद्धामुळे वगैरे देश सोडून आलेल्या कुटुंबांना तिकडे घर, भाषा, नोकरी ह्याचं बस्तान बसवून देते. तिच्यासाठी कॉलेज फुटबॉलचे चाहते दर वर्षी पैसे जमवतात आणि टेबल लागतं, कुठल्या कॉलेजच्या लोकांनी किती दिले त्याचं. पण खरी मजा रकमेत आहे. लोक शंभर, दोनशे असे गोल आकडे देत नाहीत, आपण शत्रूला हरवलं त्या मॅचचा स्कोअर देतात. २०१२ ते २०१९ मिशिगन ओहायोकडून सलग ८ वेळा हरलं, २०२० ची मॅच कोविडने गेली, आणि मग २७ नोव्हेंबर २०२१ ला मिशिगनने ४२–२७ ने मारलं. एवढी वर्षं खाल्लेला अपमान एका दुपारी धुऊन निघाला. मग काय, ४२ डॉलर २७ सेंट. पावतीवर कायमचं छापलं गेलं. आणि ह्या टेबलात बहुतेक वर्षी मिशिगनच वर असतं, त्यामुळे आमच्या भाच्याचं तोंड वाकडं. मला मात्र विचार येतो की सिरियातून नाहीतर काँगोतून आलेल्या एखाद्या बाईच्या घरात पोचलेल्या गादीला काय माहीत ती ४२–२७ मधून आलीये.

तिसरी गोष्ट आयोवाची. तिथे आयोवा आणि आयोवा स्टेट अशी दोन भांडकुदळ कॉलेजं आहेत. १४ सप्टेंबर २०१९ ला त्यांची मॅच होती आणि टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर कार्सन किंग नावाचा एक पोरगा पाटी घेऊन उभा राहिला, की बिअर संपत आलीये, पैसे पाठवा, खाली खात्याचं नाव. शुद्ध चावटपणा. आणि लोकांनी खरंच पाठवले. येतच राहिले, तेव्हा तो म्हणाला बिअरच्या एका खोक्याचे ठेवतो आणि बाकीचे आयोवा युनिव्हर्सिटीच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलला देतो, आणि शेवटी रक्कम गेली ३० लाख डॉलरच्या आसपास. ते हॉस्पिटल आयोवाच्या स्टेडियमला लागूनच आहे, २०१७ पासून तिथे पहिला क्वार्टर संपला की सगळं स्टेडियम वळून खिडकीतल्या पोरांना हात हलवतं, समोरच्या टीमचे खेळाडू आणि पाठीराखे पण. बिअरच्या पाटीचे पैसे तिथे गेले हे मला फार आवडतं. साधी अपील केली असती तर ३० लाख आले असते? मला नाही वाटत.

आता नाशिक.

कॉलेज रोड आणि गंगापूर रोड नकाशात बघितले तर जवळजवळ समांतर जातात, मधल्या गल्ल्यांतून पायी निघालं तरी ह्या रोडवरून त्या रोडवर सहज पोचता येतं. पण आम्ही कॉलेजात असताना तिकडच्या टपरीवर चहा प्यायला म्हणजे फितुरी. कॉलेजांची नावं घेत नाही, नाशिकवाल्यांना कळलंच असेल आणि बाकीच्यांना कळून उपयोग नाही. मी कबड्डी खेळायचे, उजवा कोपरा. युनिव्हर्सिटीच्या नाशिक विभागाच्या स्पर्धेत बहुतेक वेळा फायनलला आम्ही आणि त्या. आणि प्रेक्षक म्हणजे काय, पोरं भिंतीवर, झाडावर, स्कूटरवर उभी, आव्वाज कुणाचा सुरू झालं की पंचांची शिट्टी ऐकू यायची नाही.

त्यातली एक फायनल त्या ३१–३० ने जिंकल्या. शेवटचा एक पॉइंट बोनसचा. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, समोर ६ किंवा ७ बचाव करणाऱ्या असतील तरच बोनस मिळतो, आणि रेडरने बोनस रेषेच्या पलीकडे एक पाय टाकताना मागचा पाय हवेत पाहिजे. तिचा मागचा पाय जमिनीला टेकलेला होता. मी तिथून हातभर अंतरावर उभी होते. त्यांच्या मते हवेत होता. तेव्हा मोबाइलमध्ये कॅमेरे नव्हते त्यामुळे हा विषय मिटणं शक्य नाही आणि मिटलेला नाही. बोनस काढला तर ३०–३०.

गंमत म्हणजे विभागाची टीम निवडली की दोन्ही कॉलेजच्या पोरी एकाच टीममध्ये, मग पुढे पुणे, नगर विभागाविरुद्ध आम्ही एक. त्यामुळे आमचा जो व्हॉट्सअॅप ग्रुप आहे त्यात दोन्हीकडच्या आहेत. वाढदिवस, केक, गुडघेदुखीवरचे व्यायाम, आणि वर्षातून दोनदा तरी तो बोनस.

आमच्यातली एक आता पेठ तालुक्यात आश्रमशाळेत खेळ शिकवते. तिने एकदा ग्रुपवर लिहिलं की तिच्या पोरी मातीवर भन्नाट खेळतात पण पुढच्या लेव्हलला मॅच मॅटवर असते आणि मॅटवर ह्या घसरतात. मातीवर अनवाणी चालतं, पाय रोवता येतो, मॅटला वेगळे शूज लागतात, ग्रिपचे, आणि ते कुणाकडे नाहीत. मुळात मॅटवर पाय ठेवायचीच वेळ स्पर्धेच्या दिवशी येते. जी पोरगी घरच्या मैदानात चौघींना ओढत मधल्या रेषेपर्यंत येते ती तिथे वळताना पडते आणि लोक म्हणतात हिला जमत नाही. तर शूजसाठी काही करता येईल का, असं तिने अगदी संकोचत विचारलं. निळ्या टिका भरपूर. नमस्काराचे हात भरपूर. पैसे दोघी-तिघींचे.

मग मी त्यांना ते ४२–२७ सांगितलं. एवढंच सांगितलं, बाकी काही केलं नाही, शप्पथ.

पंधरा मिनिटांत आमच्या जुन्या कॅप्टनने ४४१९ रुपये पाठवले आणि स्क्रीनशॉट टाकला. आम्ही त्यांना एकदा ४४–१९ ने धुतलं होतं त्याचे. त्यावर तिकडून शांतता, मग ३१३०. मग लगेच अजून एक ३१३०. मग आमच्यातली एक, जी ग्रुपवर फक्त गुढीपाडव्याला बोलते, तिने पाठवले ३०३०, आणि नोटमध्ये लिहिलं, 'पाय टेकला होता'. झालं. त्या रात्री कुणी झोपलं नाही. ३१३० आला की इकडून ३०३०, ३०३० आला की तिकडून ३१३०. यूपीआयमध्ये पैसे पाठवताना जी नोट लिहायची छोटी जागा असते तिचा एवढा चांगला उपयोग मी आजवर बघितला नव्हता, लोक तिथे 'भाडे' नाहीतर 'दूध' लिहितात.

ह्यात एक हिशोबाची गोची आहे ती आम्हाला दुसऱ्या दिवशी लक्षात आली. जितका मोठा विजय मिरवायचा तितके जास्त पैसे. म्हणजे ४४–१९ वाल्या आम्ही ४४१९ देणार आणि एका बोनसवर जिंकणाऱ्या ३१३० मध्ये सुटणार. आमच्या कॅप्टनला हे फार लागलं. तरी मागे हटणार नाही म्हणाली, मोठं मन ठेवायची सवय आहे आपल्याला. हे पण टोमण्यातच.

मला एकीने खासगीत विचारलं की माझ्याकडे आत्ता एवढे नाहीत गं. तेव्हा ठरवलं की अमेरिकेतल्यासारखं पॉइंट लावायचा, ३० रुपये ३० पैसे पण चालतील, यूपीआयला पैसे पण जातात. आणि खरंच ३०.३० आले, ३१.३० आले, आणि स्क्रीनशॉटमध्ये ते ३०३० पेक्षा कमी दिसत नव्हते, कारण सगळ्यांचं लक्ष आकड्यांवर होतं, शून्यांवर नव्हतं. वर्गणीत हे होत नाही. वर्गणीला फळ्यावर नाव लागतं आणि नावापुढे रक्कम, आणि कमी देणारा माणूस गणपतीत त्या बाजूने जायचं टाळतो.

सगळ्यात कळस म्हणजे ते पंच सर. आता रिटायर झालेत, ग्रुपवर नाहीत, पण कुणीतरी त्यांना फोन करून सांगितलं की तुमच्या त्या बोनसवरून असं असं चाललंय. सरांनी पैसे पाठवले. ३१३०. इतक्या वर्षांनी निर्णय कायम.

शूज आले. मापं कशी घ्यायची हा प्रश्न होता, कारण पोरींना स्वतःचा नंबर माहीत नाही, कायम चपला नाहीतर अनवाणी, तर बाईंनी वहीच्या पानावर प्रत्येकीचा पाय ठेवून पेन्सिलने आखला आणि ती पानं घेऊन मेन रोडला दुकानात आल्या. मॅट अजून झालेली नाही. महिलांचं मैदान १२ बाय ८ मीटर, तेवढी मॅट घ्यायची तर गोष्ट लाखांत जाते, आणि लाखांसाठी आम्हाला अजून बरीच भांडणं उकरून काढावी लागतील. बाईंनी एक अट मात्र घातली, शूज देतानाचे पोरींचे फोटो काढायचे नाहीत. पोरी एका रांगेत, हातात खोकी, मागे आपण हसतोय, हे नको. दोन्ही कॉलेजांनी ही अट एकमताने मान्य केली, आमच्या ग्रुपच्या इतिहासात पहिल्यांदा.

ह्याचं कळल्यावर एका 'भावी नगरसेवकां'चा निरोप आला की आपण हे मोठं करू, बॅनर माझा, जेवण माझं. नको म्हणलं. कारण मग ती खुन्नस आमची राहत नाही, त्यांची होते, आणि त्यांच्या खुन्नसला पावती नसते.

आता माझ्या डोक्यात रक्त आहे. म्हणजे रक्तदान. उन्हाळ्यात रक्तपेढ्यांची बोंब असते कारण रक्तदान शिबिरं बरीचशी कॉलेजात होतात आणि मे महिन्यात कॉलेज बंद, पोरं गावाला. पण थॅलेसेमियाच्या पोराला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं ते मे महिना बघून थांबत नाही, बाळंतपणं थांबत नाहीत, मुंबई-आग्रा हायवेवरचे अपघात थांबत नाहीत. तर कॉलेज रोड विरुद्ध गंगापूर रोड, मे महिन्यात, माजी विद्यार्थ्यांची लढत. दोन्हीकडे विचारलं, दोन्हीकडून एकच उत्तर, त्या किती आणणारेत?

पण रक्ताचं पैशासारखं नाही, इथे नुसती चुरस लावून दिली की घोळ होतो. एक तर सगळे एकाच दिवशी आले की काय होतं ते नेत्यांच्या वाढदिवसांना महाराष्ट्राने भरपूर बघितलंय. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट तर ५ दिवस. एका दिवसात ढीगभर पिशव्या आणि मग ठेवायला जागा नाही, मुदत संपली की फेकायच्या. दुसरं म्हणजे पिशव्या मोजल्या की माणूस खोटं बोलतो. मागच्या महिन्यात कावीळ झाली होती, औषधं चालू आहेत, हे सांगितलं तर बाद होऊ आणि टीमचा एक आकडा कमी होईल, म्हणून गप्प बसतो. पैसे खोटं बोलून दिले तरी चालतात, रक्त नाही.

आणि तिसरं आमच्या ग्रुपसाठी सगळ्यात महत्त्वाचं. रक्त द्यायला हिमोग्लोबिन १२.५ पाहिजे, वजन ४५ किलो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे असं आलंय. म्हणजे आम्ही पन्नास जणी रांगेत उभ्या राहिलो तर त्यातल्या कितीतरी बोट टोचून परत पाठवल्या जाणार, आणि वर ऐकणार, तुझ्यामुळे आपण हरलो. हे मला चालणार नाही. आयुष्यभर घरात सगळ्यात शेवटी जेवलेल्या बाईला तिच्या हिमोग्लोबिनबद्दल टोमणा मारायचा म्हणजे फाऊल आहे तो.

म्हणून मी नियम काढलाय की पिशव्या मोजायच्याच नाहीत, आलेली माणसं मोजायची. जी आली, फॉर्म खरा भरला, बोट टोचून घेतलं, तिचा एक पॉइंट, मग रक्त घेतलं काय नाही काय. परत पाठवली तर पॉइंट तर मिळालाच, वर तिने हिमोग्लोबिनचा आकडा घेऊन डॉक्टरकडे जायचं, आणि तीन-चार महिन्यांनी परत तपासल्यावर आकडा वाढलेला असेल तर टीमला आणखी दोन. लोणासारखे, समोरची अख्खी टीम बाद केली की जादा मिळतात तसे. ह्यावर तिकडच्या कॅप्टनचं म्हणणं की तुम्ही मुद्दाम परत पाठवलेल्या आणाल आणि नंतर पालक खाऊ घालून पॉइंट लाटाल. मी म्हणलं बाई, लाट की, तू पण लाट, सगळ्या नाशिकला पालक खाऊ घाल.

रक्तपेढीशी बोलणं झालंय, त्यांनी सांगितलं की झुंबड नको, आठवड्याला थोड्या-थोड्या या. म्हणून रोड आलटून-पालटून, पहिला आठवडा आमचा. पुरुष पण चालतील, दोन्ही कॉलेजांची कबड्डीची मुलांची टीम तशीही आमच्यापेक्षा कमीच जिंकायची, त्यांना कुठेतरी पॉइंट मिळू देत. १८ ते ६५ वय, मागच्या रक्तदानाला पुरुषांचे तीन आणि बायकांचे चार महिने झालेले पाहिजेत, सकाळी उपाशी यायचं नाही, मिसळ खाऊन या पण तर्री कमी घ्या.

कॉलेज रोडवाल्यांनी मला निरोप द्या, नाव लिहून घेते. गंगापूर रोडवाल्यांनी तुमच्या तुमच्या कॅप्टनला गाठा, मी तुमची नावं घेणार नाही.